मदत हवी आहे: जगावेगळा मराठी सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र महिन्यातून एकदा भिंतीवर पांढरी चादर ताणून विचित्र सिनेमे बघतो आणि मग चहावर चहा पीत पहाटेपर्यंत भांडतो. 'गुंडा' (१९९८) झाला, त्यातल्या खलनायकांची यमकं आता तोंडपाठ आहेत. १९८८चा 'ओम दर-ब-दर' अजून पचलेला नाही. (तो थिएटरला लागायला २०१४ उजाडलं!) रामसे बंधूंचा भयपट 'पुराना मंदिर' मला मनापासून आवडतो, त्यातल्या सामरी या सैतानावर कुणी हसलं की वाईट वाटतं.

आता असाच मराठी सिनेमा हवाय. फसलेला चालेल, पण करणाऱ्याने जीव ओतलेला असावा. 'झपाटलेला' नको, सगळ्यांचा पाहून झालाय. कुठे बघायला मिळेल तेही सांगा. पुढची पाळी माझ्या घरी आहे.