आश्रमशाळेतल्या पोरांची चित्रं प्रबंधात: हेडमास्तरांची सही पुरते का?

खडू_फळा (धुळे)
एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून मी सतरा वर्षं चित्रकला शिकवतोय. परवा एका ओळखीच्यांचा कलाशिक्षणावरचा प्रबंध वाचायला आला. नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरातल्या आश्रमशाळेतली चित्रं, खाली पोरांची नावं, इयत्ता, गाव. संमतीपत्र एकच, सही हेडमास्तरांची. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला.

त्यात एक काळा माणूस. अंगभर पांढरे ठिपके, कमरेला काहीतरी गोल लटकतंय, डोक्यावर उंच टोप. शेरा: 'भीती व आक्रमकता'. अहो, तो होळीतला बुध्या, नवस फेडायला असा सजून नाचणारा माणूस! अंगाला राख, कमरेला वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. पोरानं घरातला नवस काढलाय. मानसशास्त्राची फूटपट्टी उसनी घेतली, पण तिथली पावरी बोली बोलणारं एक माणूस सोबत घेतलं नाही.

तापीकाठ
शेरा चुकला, मान्य. पण आश्रमशाळेत अशी परवानगी हेडमास्तरच देतात, दुसरं कोण देणार? मी दोन विद्यार्थी मार्गदर्शनाखाली घेतलेत. आईबापांच्या सह्या गोळा करायच्या तर अर्धं वर्ष बारडोलीच्या फडात काढावं लागेल. असे नियम लावलेत की संशोधन जळगाव-धुळ्याच्या इंग्रजी शाळांतच होणार. मग डोंगरातल्या पोरांची चित्रकला म्हणजे एलिमेंटरी परीक्षेचा निकाल, बस.

खडू_फळा
दिवाळीआधी, माणसं गावात असताना जा की. आणि पोराला कोणी विचारलं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वर्षांच्या मुलाचीही तोंडी मान्यता घ्यायला सांगितलंय. ती आरोग्य संशोधनासाठी आहेत, ठाऊक आहे. पण तुम्ही 'आक्रमकता' लिहिता तेव्हा डॉक्टरचंच काम करता ना?

तापीकाठ
बरं, समजा प्रबंधातून पोरांची नावं गाळली. उद्या तुम्हीच ओरडणार, आदिवासी पोरांचं श्रेय खाल्लं म्हणून.

लेणीवेडा (जळगाव)
श्रेयाचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८७२ पासून मुंबईच्या जेजे कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला काढत होते. आज म्हणतो काय? 'ग्रिफिथ्सच्या नकला'. राबलेली पोरं कुठे? वर चित्रं उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडलं. बऱ्याच नकलाही १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या.

तापीकाठ
आणि उरल्या त्यांच्यामुळेच भिंतीवरचं पुढे झडलेलं आज कळतं. हे अर्धं का गाळता?

लेणीवेडा (जळगाव)
गाळत नाही. पण तो हिशोब नंतर मांडणाऱ्यांचा. भिंतीला कोणी विचारलं नव्हतं. पोराला विचारता येतं, एवढाच फरक.

केळीबाग (रावेर)
काय भो, कसाले इतलं ताणतस? पोरगं चित्र काढतं नि विसरतं.

डोंगर_पावरा
विसरत नाही दादा. चौथीत माझं चित्र एक मॅडम घेऊन गेल्या, परत देते म्हणाल्या. होळीच्या ढोलाचं होतं. आज मी बीएड करतोय, अजून आठवतं त्यात कुठला खडू संपला होता ते. नाव छापा की नका छापू, माझं त्याच्याशी भांडण नाही. कागद परत द्या, फोटो ठेवा. आणि शेरा लिहिण्याआधी 'हे कोण रे?' एवढं विचारा.

तापीकाठ
कागद परत, हे पटलं. माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. सह्यांचं मात्र अजून पटलेलं नाही.

डोंगर_पावरा
ताई, होळीला काठी गावाला या. मोलगीहून जवळ आहे. होळी पहाटे पेटते, म्हणून मुक्कामाच्या तयारीनं या. फूटपट्टीवाल्या सरांनाही आणा, बुध्या दाखवतो.