जांभ्याची भिंत: जलरंगावर टिश्यू, शाई, पेस्टल चढवताना थरांचा क्रम काय ठेवावा?

चिरेबंदी (प्रश्न)

विषय पावसाळ्यातल्या कोकणाचा. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, अर्ध्या भागावर चुन्याचा गिलावा, त्याचे सुटलेले पोपडे, वरच्या कडेला शेवाळ आणि तिथून उतरलेले काळे ओघळ. मला पोपड्यांची जाडी खरोखर हाताला लागेल अशी हवी आहे आणि चिऱ्याची भोकंही नुसत्या ठिपक्यांपेक्षा खरी वाटायला हवीत, म्हणून जलरंगाच्या जोडीला इतर माध्यमं वापरतो आहे.

साहित्य: ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) कागद (२५ टक्के कॉटन), पाव इंपीरियल म्हणजे ११ × १५ इंच. ट्यूबमधले जलरंग, पांढरा पोस्टर कलर, सॉफ्ट पेस्टल, फाउंटन पेनची काळी शाई, मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावून नंतर सोलायचं द्रव), टिश्यू पेपर, सुतारकामाचा पांढरा गोंद, मीठ.

अडचणी चार आहेत. टिश्यू चिकटवलेल्या भागावर रंग बसत नाही, थेंब होऊन पळतो. पेनच्या रेघा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) देताच पसरतात. मिठाचा काहीच परिणाम दिसत नाही, रंग दुसऱ्या दिवशीही चिकट राहतो. आणि मास्किंग काढताना कागदाचा पापुद्रा सोबत निघतो. पांढरा पोस्टर कलर आधी लावून वर वॉश दिला तर सगळं दुधाळ होतं, ही पाचवी म्हणा. क्रम चुकतो आहे की साहित्य?

---

ओलसर_काठ

दोन्ही, पण क्रम जास्त. मिश्र माध्यमात प्रत्येक थराबद्दल एकच गोष्ट विचारायची: हा थर वाळल्यावर पाणी पितो की अडवतो? पिणारे थर खाली, अडवणारे वर. मेण आणि मास्किंग हे अपवाद, कारण तिथे पाणी अडवणं हाच हेतू असतो. तुमच्या यादीत पांढरा गोंद अडवणारा आहे आणि तो सगळ्यात खाली गेला आहे.

हा गोंद वाळला की प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. टिश्यू पातळ असल्याने गोंद त्यातून वर झिरपतो आणि जिथे झिरपला तिथे रंग पळतो, म्हणून डाग तुटक दिसतात. गोंदच वापरायचा असेल तर निम्मं पाणी घालून फक्त कागदावर पातळ फिरवा, टिश्यू वर ठेवा आणि कोरड्या ब्रशने दाबा. वरून गोंदाचा हात अजिबात नको. त्याहून चांगली म्हणजे गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडयांसाठी चीक काढतात तेच सत्त्व, वाळवलेलं: १ भाग सत्त्व, ५ भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर गाळून घ्या. वाळल्यावरही ती पाणी पिते, त्यामुळे वरचा जलरंग नीट बसतो. मैद्याची खळ टाळा, त्यातल्या प्रथिनांमुळे कीड आणि बुरशी लवकर येते. पुस्तकबांधणीत खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, पण तांब्याचा क्षार कालांतराने कागद खराब करतो. लवंग तेलाचा एखादा थेंब पुरे, आणि लागेल तेवढीच खळ करा.

टिश्यूऐवजी नेपाळी लोकता कागद मिळाला तर तो घ्या. तंतू लांब असतात, ओला झाला तरी विरत नाही. पोपड्यासाठी कापायचा नाही, फाडायचा: पाण्याच्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर फाडला की कडेला तंतू सुटतात आणि सुटलेल्या गिलाव्याची कड आपोआप मिळते. एक कड मुद्दाम न चिकटवता थोडी उचललेली ठेवा, खाली सावलीचा रंग जाऊ द्या. रंगीत पतंगाचा किंवा क्रेप कागद मात्र नको, रंग सुटतो आणि उडतोही. वर्तमानपत्र पिवळं पडतं.

याहून जास्त जाडी हवी असेल तर मॉडेलिंग पेस्ट (उंचवटे करायची दाट अॅक्रिलिक लुगदी), पण तीही पाणी अडवते. पॅलेट नाइफने २ मिलिमीटरपर्यंतच लावा, जाड थराला वाळताना भेगा पडतात. पूर्ण वाळल्यावर त्यावर वॉटरकलर ग्राउंडचे (जलरंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात. ग्राउंड नसेल तर २ भाग अॅक्रिलिक जेसो (कॅनव्हासला लावायचं पांढरं अस्तर), १ भाग बारीक खडूपूड आणि फिरवता येईल इतकं पाणी. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. रंग लावण्याआधी एरवी २४ तास थांबतात, पावसाळ्यात दोन-तीन दिवस.

ग्राउंडवरचा रंग कागदावरच्यासारखा वागत नाही, हे आधीच लक्षात घ्या. तो आत न शिरता वरच बसतो, म्हणून दुसरा वॉश पहिल्याला उठवतो. पहिला थर डाग धरणाऱ्या रंगांचा द्या (थॅलो, क्विनाक्रिडोन), दुसरा थर एकाच हाताने, परत न फिरवता.

शाई: फाउंटन पेनची साधी शाई पाण्यात विरघळणारीच असते. टाकाने शेलॅकची (लाखेची) वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरा, पण ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, आत वाळून पेन कायमचं बंद होतं. आणखी एक फसवी गोष्ट: वॉटरप्रूफ शाईसुद्धा दाट जलरंगावर ओढली तर वरच्या पाण्याने उठते. शाई विरघळत नाही, खालच्या रंगातला अरेबिक गोंद विरघळतो आणि शाईला घेऊन निघतो. म्हणून शाई एकतर कोऱ्या कागदावर, नाहीतर शेवटच्या वॉशनंतर.

पांढरा: पोस्टर कलर आणि ग्वाश (अपारदर्शक जलरंग) दोन्ही पुन्हा विरघळतात, त्यांच्यावर वॉश देऊच नये. खाली पांढरं हवंच असेल तर पांढरी अॅक्रिलिक इंक, वाळल्यावर ती हलत नाही. वर हवं असेल तर टायटॅनियम व्हाइटचं ग्वाश. चायनीज व्हाइट म्हणजे झिंक, ते अर्धपारदर्शक असतं, गडद ओघळावर ते झाकत नाही.

---

निळाशार_२९

मिठाबद्दल. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. म्हणूनच जुलैत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. मिठाची नक्षी उमटते ती कागद वाळत जाताना, दाणा आजूबाजूचं पाणी ओढतो तेव्हा. किनारपट्टीवर भर पावसात कागद वाळतच नाही, म्हणून नक्षी नाही आणि चिकटपणा मात्र राहतो. शिवाय तंतूंत उरलेलं मीठ पुढच्या प्रत्येक पावसात ओल धरेल. एसी लावून खोली कोरडी करता येत असेल तर मीठ टाका, नाहीतर सोडून द्या.

पण मला वाटतं या विषयाला मीठ मुळात चुकीचं आहे. मिठाने उजळ तारे उमटतात, चिऱ्याची भोकं गडद असतात. उजळ ठिपके दगडफुलाला चालतील. ते हवे असतील तर केमिस्टकडे मिळणारं सर्जिकल स्पिरिट ब्रशच्या टोकाने टिपा, रंगाची चकाकी मंदावते आहे त्या क्षणी. आधी टाकलं तर ठिपका परत भरून येतो, उशिरा टाकलं तर काहीच होत नाही. ज्वलनशील आहे, हेअर ड्रायर किंवा शेगडीजवळ नको.

भोकांसाठी वाळू. नदीची जाडसर वाळू दोन-तीनदा धुऊन वाळवा, ओल्या वॉशवर विरळ भुरभुरा आणि बोर्ड सपाट ठेवून विसरा. दाण्याभोवती पाणी शेवटपर्यंत टिकतं, रंगाचे कण तिथे गोळा होतात, वाळल्यावर वाळू झटकली की खाली गडद, वेडेवाकडे ठिपके राहतात. जांभ्याच्या पृष्ठभागाला इतकं जवळ जाणारं दुसरं तंत्र मला माहीत नाही. सगळ्या भिंतीवर सारखी वाळू टाकू नका, प्रत्येक चिरा वेगळा असतो. दोन-तीन चिरे दाट, बाकी जवळजवळ कोरे.

रंग: बर्न्ट सिएना (पीबीआर ७) आणि अल्ट्रामरीन (पीबी २९). ट्यूबवर पिगमेंटचा हा अंक छापलेला असतो, नावापेक्षा तो बघा. अल्ट्रामरीन दाणेदार बसतो, त्यामुळे मिश्रण खरखरीत होतं. भरपूर पाणी, बोर्ड आडवा, आणि वाळेपर्यंत ब्रश लावायचा नाही. भिजलेला जांभा सुक्यापेक्षा गडद आणि जांभळट दिसतो, त्यासाठी किंचित क्विनाक्रिडोन मजेंटा (पीआर १२२). अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) नको, उजेडात उडतो. शेवाळाला थॅलो ग्रीन (पीजी ७) नुसता वापरला तर प्लास्टिकसारखा दिसतो, त्यात बर्न्ट सिएना घातल्याशिवाय कागदावर नेऊ नका.

---

कागदमाया

मास्किंगचा दोष बहुतेक कागदात आहे. २५ टक्के कॉटनच्या कागदाचे तंतू आखूड, वरचं साइझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला लेप) हलकं. मास्किंग म्हणजे रबराचा चीक, तंतूंत शिरून तो वाळला की ओढताना पापुद्रा येणारच. तीन गोष्टी सांभाळा: उन्हात किंवा ड्रायरने वाळवू नका, एका दिवसाच्या आत काढा, आणि कागद आतून पूर्ण कोरडा असल्याशिवाय हात लावू नका. पावसाळ्यात वरून कोरडा वाटणारा कागद आत ओलाच असतो, तळहाताची मागची बाजू टेकवली की गार लागतो. काढताना वर खेचायचं नाही, कागदाला समांतर घासत न्यायचं. ब्रश आधी साबणाच्या फेसात बुडवा, म्हणजे तोही वाचेल.

या चित्राला मास्किंग लागेल असंही वाटत नाही. गिलाव्याची कोरी जागा टिकवायला पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा आडवा धरून घासा. मेण फक्त कागदाच्या उंचवट्यावर बसतं, खळग्यांत रंग जातो, झिजलेल्या चुन्याचा पोत तयार. मेण नंतर निघत नाही. इस्त्री आणि टीपकागदाने काढलं तरी तेलकट डाग राहतो, त्यामुळे जागा आधी ठरवा.

शक्य असेल तर १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम घ्या. हातकागदाचा पर्यायही चांगला आहे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, चिंध्यांच्या लगद्याच्या कागदाची ताकद उत्तम असते. मात्र कोणताही हातकागद घेताना साइझिंग तपासा: कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दोन मिनिटं थेंब टिकला तर जलरंगाला योग्य, लगेच शोषला तर वॉश डागाळेल. असा कागद घरी साइझ करता येतो. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन अर्धा तास फुगवायचं, मग कोमट करायचं, उकळायचं नाही, उकळलं की त्याची पकड जाते. रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना फिरवून दोरीवर वाळवा. पण हे काम कोरड्या हवेतलं, पावसात ओलं जिलेटिन म्हणजे बुरशीला आमंत्रण.

बुरशीवरून: पावसाळ्यात ठेवणीतल्या कागदाचं साइझिंग ती आधी खाते, डाग दिसत नाही. वॉश दिला की अचानक काही ठिपके रंग पितात आणि गडद होतात. असा कागद जलरंगाला गेला, पेस्टल किंवा कोळशाला वापरा. मेमध्येच कागद सिलिका जेलच्या पुड्यांसकट जाड प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवा.

---

निळाशार_२९

एक मतभेद नोंदवतो. पोपड्यांपुरता कागद चिकटवणं ठीक, पण चिऱ्यांवर पेस्टही आणि पेस्टलही नको. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ‘ग्लो ऑफ होप’ जलरंगातलं आहे. दिव्यापुढे धरलेल्या बोटांतून लाल उजेड येतो आणि मागच्या भिंतीवर सावली पडते. ती झळाळी पारदर्शक रंगाखालचा कागद देतो. तुमच्या भिंतीचा ओलेपणाही तिथूनच यायला हवा. पेस्टलची पूड प्रकाश विखुरते, म्हणजे ओली भिंत लगेच कोरडी दिसते.

चिऱ्यांच्या सांध्यांना जुन्या एटीएम कार्डाचा कापलेला कोपरा पुरतो. रंगाची चकाकी नुकतीच गेली असताना खरवडलं तर रंग बाजूला सरून उजळ रेघ मिळते. जास्त ओला असताना खरवडलं तर उलट होतं, दुखावलेल्या तंतूंत रंग शिरून रेघ गडद होते. चिऱ्यात दोन्ही रेघा लागतात, म्हणून दोन वेळा खरवडा.

---

चिरेबंदी

वाळू आणि खळ हे दोन्ही नवीन, धन्यवाद. पेस्टल चिऱ्यांवरून काढतो, फक्त शेवाळाच्या वरच्या कडेला ठेवतो. दोन प्रश्न उरले: ड्रायर अजिबात वापरायचा नाही का? आणि उंचवटे असलेलं चित्र फ्रेम कसं करायचं, काच टेकते.

---

ओलसर_काठ

ड्रायर चालतो, पण चकाकी पूर्ण गेल्यावरच. आधी लावला तर हवा रंगाला ढकलते आणि वाळूभोवतीचे ठिपके बिघडतात. एक फूट लांबून, मंद गरम, सतत हलता. मेण लावलेल्या भागावर नको, ते वितळून पसरतं.

पेस्टल शेवाळाच्या कडेला चालेल. ते सगळ्यात शेवटी, शाईच्याही नंतर. फिक्सेटिव्हचे (पेस्टलची पूड धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) ३० सेंटिमीटरवरून दोन हलके हात. एकदम भिजवलं तर फिकट पेस्टल गडद होतं, हरवतंही.

फ्रेमसाठी साधा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) पुरणार नाही. माउंटच्या मागे फोमबोर्डच्या पट्ट्या लावून काच आणि चित्र यांत ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवायला सांगा. पावसाळ्यात फ्रेम करू नका, कागदातली ओल आत कोंडली जाते. नोव्हेंबरपर्यंत थांबा. तोवर चित्र सपाट, वर काहीही वजन न ठेवता. पाठीला हार्डबोर्ड थेट लावला जातो तिथे मध्ये अॅसिड-फ्री कागद मागून घ्या. बाहेरच्या भिंतीवर टांगायचं असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळती राहील.