बी विंग ग्रुप : गेम खेळताना कॉम्प्युटर बंद पडतो

शनिवार

बी-३०३ ताई : नमस्कार मंडळी. ग्रुपवर कॉम्प्युटरचं कोणाला कळतं का? मुलाचा डेस्कटॉप गेम लावला की अर्ध्या तासात फटकन बंद होतो आणि आपोआप परत सुरू होतो. बाहेर दाखवला तर म्हणाले ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन टाका, २४ हजार. मागच्याच वर्षी घेतलंय ओ ते. पैसे घालायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं.

ए-२०१ : ताई, बारावीचं वर्ष आहे ना त्याचं? गेमच बंद करा, प्रश्न मिटला.

बी-३०३ ताई : भाऊ, सीईटीचे सराव पेपर तो त्याच्यावरच सोडवतो. आणि शनिवार-रविवारी दोन तास खेळायची परवानगी मीच दिलीये.

ए-५०२ : मावशी, एवढ्यावरून कार्ड गेलं असं नाही सांगता येत. कार्ड बिघडलं तर बहुतेक वेळा आधी स्क्रीनवर रेघा, रंगीत चौकोन दिसतात, गेम अडकतो. सगळंच एकदम बंद होतंय म्हणजे आधी पॉवर आणि गरम होणं तपासायचं. आत काय काय आहे?

बी-३०३ : (आईच्या मोबाइलवरून मी लिहितोय) दादा, प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा, तो आधीच्या कॉम्प्युटरमधलाच आहे. विंडोजच्या नोंदींत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ येतंय.

ए-५०२ : ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन गेलं. का गेलं ते त्यात नसतं. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो टाक, गेम चालू असताना तापमान बघ आणि आकडे इथेच टाक.

बी-३०३ : प्रोसेसर ८९, ९० ला जाऊन तिथेच थांबतो. कार्ड ८१.

ए-५०२ : ५६०० ची मर्यादाच ९० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून गेम मधूनमधून अडखळतही असेल तुझा.

बी-१०१ काका : मी अंबडला कारखान्यात २६ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, कॉम्प्युटरचं मला थोडंच कळतं. पण बाळा, शोधायची पद्धत सगळीकडे सारखीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पुन्हा चालवून बघायचं, आणि वहीत लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं ते कळतच नाही. पहिल्यांदा धूळ. बाहेर रस्ता खोदून ठेवलाय, तुमची खिडकी त्याच बाजूला, आणि कॅबिनेट जमिनीवर असणार. स्विच बंद कर, प्लग काढ, मगच उघड. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, मोकळी फिरू देऊ नको. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढला तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. बाहेरूनच हवा मार.

बी-३०३ : केलं काका. प्रोसेसरच्या हीटसिंकवर गोधडीसारखा थर होता. आता ७२ च्या वर जात नाही. पण ५० मिनिटांनी परत बंद पडला. अजून एक, साफ करून झाल्यावर प्लग लावला आणि मागच्या स्क्रूला हात लागला तर झिणझिण्या आल्या. तसं नेहमीच होतं.

बी-१०१ काका : नेहमी होतं म्हणजे? कधीपासून? प्लग काढून ठेव आधी. मी मीटर घेऊन वर येतोय.

बी-४०३ : काका, माझ्या लॅपटॉपलाही चार्जर लावल्यावर असंच होतं. मला वाटायचं ॲल्युमिनियम बॉडीमुळे.

बी-२०३ आजी : वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मलाही करंट लागल्यासारखं होतं. दोन महिने झाले असतील. मी आपली रबरी चप्पल घालते.

बी-१०१ काका : आजी, मशीनला आज अजिबात हात लावू नका. कपडे आमच्याकडे धुऊन घ्या. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतंत हो.

बी-१०१ काका : आत्ता ३०३ मध्ये मोजलं. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ १०८. हा दोनतीनच्या आत असायला हवा. माझ्या घरी २ आहे. म्हणजे अर्थिंगचा खड्डा चांगला आहे, कारण खड्डा सगळ्या विंगला एकच. ०३ च्या लाइनला, म्हणजे एकावर एक असलेल्या ०३ नंबरच्या फ्लॅटना, मात्र अर्थ पोचत नाहीये. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आणि मशीनमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते बारीकसा करंट बॉडीकडून अर्थला सोडतात. अर्थ नसेल तर तो बॉडीवरच थांबतो आणि साधारण निम्मा व्होल्टेज दिसतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या मशीनच्या आत फेजची वायर बॉडीला लागली, तर तिला जायला रस्ताच नाही. हात लावणारा माणूसच तो रस्ता होईल.

बी-४०३ : आमच्या वायरमनने मागे सांगितलं होतं, थ्री-पिनमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, झिणझिण्या थांबतील. तेवढंच करू का आज?

बी-१०१ काका : मुळीच नाही. कोणीही करू नका. झिणझिण्या थांबतील हे खरं, पण न्यूट्रल कुठे तुटला की घरातल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. फ्रीजवर, गीझरवर, सगळ्यावर. मी हात जोडून सांगतो.

सेक्रेटरी : काका, मीटर रूमची चावी घेऊन खाली येतो. वायरमनला फोन केलाय, उद्या सकाळी ९ ला येतो म्हणाला. २०३, ३०३, ४०३, ५०३, तोवर गीझर आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा.

बी-३०३ : काका, अर्थिंग नसल्यामुळेच कॉम्प्युटर बंद पडतोय का?

बी-१०१ काका : नाही. हे वेगळं दुखणं आहे, तुझ्यामुळे सापडलं. तुझ्या मशीनचं ए-५०२ च्या पोराकडून तपासून घे, पण उद्या अर्थ आल्यावर.

रविवार

सेक्रेटरी : मीटर रूममध्ये अर्थच्या पट्टीवर ०३ लाइनच्या सगळ्या वायरी एकाच बोल्टवर होत्या. तो बोल्ट पूर्ण गंजून ढिला झालेला. पट्टी घासून नवीन लग आणि बोल्ट बसवले, प्रत्येक फ्लॅटची वायर वेगळी केली. खर्च सोसायटीचा. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) किती घरांत आहे ते उद्या विचारतो, ३० मिलिअँपिअरचा प्रत्येकाने बसवावा असं काकांचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं.

बी-२०३ आजी : काका येऊन मोजून गेले. ३ आला. मी मुद्दाम ओला हात लावून बघणार होते, त्यांनी लावू दिला नाही.

ए-५०२ : ३०३, आता कॉम्प्युटर लाव. या वेळी गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधून ठेव आणि दोन तास चालव.

बी-३०३ : दोन तास झाले, बंद पडला नाही. मर्यादा काढली, २५ मिनिटांत गेला!

ए-५०२ : मग पॉवरच. एफपीएस बांधला की कार्ड पूर्ण जोर लावत नाही, करंट कमी ओढतं. ३०६० साठी ते बनवणारी कंपनी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कार्ड १७० वॉटचं असलं तरी काही मिलिसेकंदांपुरतं त्याहून बरंच जास्त ओढतं, आणि तुझा ४५० वाला जुना, त्यात इतके दिवस धूळ खाल्लेला. तरी लगेच विकत घेऊ नको. माझा ६५० वाला आज रात्री तुझ्याकडे लावून बघू. मॉड्युलर आहे, म्हणजे केबल सुट्या निघतात, पण केबल माझ्याच वापरायच्या. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, केबलची अदलाबदल केली तर हार्ड डिस्क, मदरबोर्ड जळू शकतो.

सोमवार

बी-३०३ ताई : मंडळी, काल रात्री साडेतीन तास चालवला, मर्यादेशिवाय. एकदाही बंद पडला नाही. ५५० वॉटचा ब्राँझवाला एसएमपीएस आज घेतला, साडेचार हजारात. कार्ड ठणठणीत आहे. ए-५०२, तुला आणि आईला रात्री जेवायला बोलावलंय, नाही म्हणू नको.

बी-३०३ : दादा, मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे पण गेम ६० सारखाच वाटतो.

ए-५०२ : डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जा, विंडोजने ६० च धरलं असेल, १४४ निवड. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेगही बघ. २१३३ दिसला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करायचं राहिलंय, तुझी रॅम ३२०० ची असणार. ते जेवायला आल्यावर करू. एक केलं की चालवून बघायचं, मग दुसरं.

ए-२०१ : काका, आमच्याही विंगमध्ये मोजाल का एकदा? आईच्या खोलीतल्या गीझरची मला शंका येतेय.

बी-१०१ काका : गीझर बंद ठेवा, संध्याकाळी ६ ला येतो. आणि ५०३ ला कुलूप आहे, ते गुरुवारी पुण्याहून येणार. वायर जोडलीये पण घरात मोजलेलं नाही. सेक्रेटरी साहेब, त्यांना आजच फोन करून ठेवा, मी मोजेपर्यंत गीझर लावू नका म्हणावं.