मदत हवी आहे: नागपूरकर भोसल्यांच्या लेकींना किताब मिळत असे का?

नागपुरातल्या महाल भागातल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी राजकन्यांच्या किताबांवर फलक करतोय. इंग्लंडचं जुळलं. 'प्रिन्सेस रॉयल' हा किताब थोरल्या लेकीला आपोआप मिळत नाही, राजाने किंवा राणीने तो द्यावा लागतो आणि मग तो जन्मभर राहतो. 1932 ते 1965 तो राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या आत्या मेरीकडे होता, म्हणून एलिझाबेथला मिळालाच नाही! तिची लेक ॲन हिला 1987 मध्ये मिळाला.

अडलंय ते भोसल्यांपाशी. वाचनालयातली पुस्तकं चाळली. लेकींचा उल्लेख लग्नापुरताच. ऐकीव माहिती नको, खाली संदर्भ छापायचाय. मोडी, इंग्रजी काहीही चालेल. सातारा-कोल्हापूर सध्या नको. रघुजींच्या घराण्यात लेकीला दरबाराने स्वतंत्र किताब दिल्याची नोंद कुठल्या बखरीत किंवा पत्रात आहे का?