अर्जंट! तिघे वर, तिघे खाली, ड्रायव्हर गाडी घेऊन निघतोय

फोंड्याचो_बाब
हिमालयाच्या बाजूला जाऊन आलेलं कोणी आहे का इथे? लवकर सांगा, फोनची बॅटरी कमी आहे. काल दुपारपासून वरची वाट बंद केलीय, पाऊस थांबायचं नाव नाही. आमचे तिघे वर, आम्ही तिघे खाली. ड्रायव्हर म्हणतो ठरलेले दिवस आज संपले, उद्या पहाटे मी परत निघणार. थांबवायचं असेल तर रोजचे साडेचार हजार, तेसुद्धा रोख. पैसे वर आहेत. असं मध्येच सोडून जाता येतं का त्याला? पोलिसांकडे जाऊ का? आणि "आधी चौकशी करायला हवी होती" असं कृपा करून कोणी लिहू नका, ते घरून ऐकतोच आहे.

तांबडी_माती
वर म्हणजे कुठे? हिमालयात सगळंच वर असतं.

फोंड्याचो_बाब
केदारनाथ. आणखी कुठे? आम्ही सोनप्रयागला लॉजवर.

रेल्वेवेडा_मडगाव
परतीची गाडी कुठली, कधीची, कुठून?

निवृत्त_तलाठी
पोलिसांकडे जाण्याची घाई नको. आम्ही १९९४ साली केदारनाथ केलं तेव्हा गौरीकुंडापासून १४ किलोमीटर पायी गेलो. पाऊस तेव्हाही होताच. रामबाड्याला चहा घ्यायचा, अंग शेकायचं आणि पुढे निघायचं. हल्लीच्या मुलांना चालण्याची सवय राहिली नाही. मित्रांना सांगा, रामबाड्याला एक मुक्काम करा आणि सावकाश उतरा. काही होत नाही.

सह्याद्री_ते_शिवालिक
काका, रामबाडा आता नाही. १६-१७ जून २०१३ च्या पुरात ती वस्ती वाहून गेली. आता तिथे मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने लिनचोलीवरून चढतात, अंतरही वाढलंय. मुक्काम कुठे करणार?

बाब, वाट बंद केली असेल तर उगाच केलेली नाही. ३१ जुलै २०२४ ला ढगफुटी झाली तेव्हा याच वाटेवरून हजारो माणसांना बाहेर काढावं लागलं होतं. मित्रांना बजावून सांग, वाट उघडल्याचं पोलिसांकडून कळेपर्यंत वरून हलायचं नाही. केदारनाथला डोक्यावर छप्पर आहे, गरम खायला मिळतं. मध्येच अडकले तर हाल कुत्रा खाणार नाही.

आता गाडीचं. ठरवली कोणी? कागद काही आहे? आणि तुमचं सामान कुठे आहे?

फोंड्याचो_बाब
हरिद्वारच्या एका एजंटकडून घेतली. कागद नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालंय. अर्धे पैसे आधीच दिलेत. सामान गाडीतच आहे, रोज वर-खाली कोण करणार.

तांबडी_माती
आधी सामान उतरव. आत्ता. धागा नंतर वाच.

कोर्टकचेरी_पणजी
व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषणही पुरावा म्हणून दाखवता येतं. सर्व संदेशांचे स्क्रीनशॉट काढा, अर्धे पैसे भरल्याची नोंद जपून ठेवा. सेवा अर्धवट सोडली तर परत आल्यावर ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार करता येईल. ड्रायव्हरला हे शांतपणे ऐकवा.

तांबडी_माती
साहेब, तो उद्या पहाटे पाचला किल्ली फिरवणार आहे. आयोग तोवर उठेल का?

कोर्टकचेरी_पणजी
मी कायद्याची बाजू सांगितली. थट्टा करायची असेल तर वेगळा धागा काढा.

सह्याद्री_ते_शिवालिक
भांडू नका. बाब, ड्रायव्हरच्या जागी क्षणभर बसून बघ. मोसमात त्याची पुढची फेरी आधीच लागलेली असते आणि पुढचे प्रवासी हरिद्वारला वाट बघत असतात. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही, निर्णय एजंटचा. थेट एजंटला फोन लाव आणि एकच मुद्दा धर. साडेचार हजार हे गाडी चालते त्या दिवसाचं भाडं, डिझेल धरून. सोनप्रयागच्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली तर डिझेल जळत नाही. मग फक्त थांबण्याचे पैसे आणि ड्रायव्हरचा भत्ता, एवढंच बोल. निम्म्यावर यायला पाहिजे. थोडे पैसे आत्ता जीपेवर टाक, बाकीचे हरिद्वारला उतरल्यावर.

आणि गाडी गेलीच तर आकाश कोसळत नाही. सोनप्रयागहून गुप्तकाशी, तिथून रुद्रप्रयाग, तिथून ऋषिकेश, अशा टप्प्याटप्प्याने शेअर जीपा मिळतात. मात्र पहाटेच निघायचं. रात्री डोंगरातल्या रस्त्याने गाड्या सोडत नाहीत.

रेल्वेवेडा_मडगाव
माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देईल का?

फोंड्याचो_बाब
परवा. हरिद्वारहून दिल्ली आणि निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस, वास्कोपर्यंत. सामान उतरवलं. एजंट फोन उचलत नाही.

रेल्वेवेडा_मडगाव
दोन पीएनआर एकमेकांना जोडून घेतले होते का? जोडलेले असतील तर पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली की परतावा मागता येतो. पण तुम्हीच दरडीमुळे हरिद्वारला पोचला नाहीत तर रेल्वेचा त्यात काही दोष नाही, पैसे गेले. सोनप्रयाग ते हरिद्वार सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. रस्ता मोकळा असला तरी सगळा दिवस जातो, आणि श्रीनगर-रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगडला दरड आली तर देव जाणे. आज रात्रीपर्यंत मित्र उतरले नाहीत तर दोन्ही तिकिटं वेळेत रद्द करा. चार्ट लागायची वाट बघू नका.

खरं तर तुम्ही मडगावहून सरळ योगनगरी ऋषिकेशपर्यंत जाणारी गाडी घ्यायला हवी होती. केरळहून येते, कोकण रेल्वेने जाते, दिल्लीत उतरून धावपळ नाही. आठवड्यातून एकदाच आहे म्हणून लोकांना माहीतच नसते.

तांबडी_माती
ते "आधी चौकशी करायला हवी होती"चंच रेल्वे रूप झालं.

काकू_पेडणे
चतुर्थी आटोपून निघालात म्हणजे आता पितृपक्ष चालू. बद्रीनाथला जाणार असाल तर ब्रह्मकपाळावर पिंडदान जरूर करा, अलकनंदेच्या काठीच आहे. आमच्या ह्यांनी केलं होतं. दक्षिणा मात्र आधी ठरवून घ्या. तांदूळ आणि तीळ घरून न्यावे, तिथे महाग लावतात.

फोंड्याचो_बाब
काकू, बद्रीनाथ आता राहिलं हो.

म्हापसा_मार्केट
वरच्यांशी बोलणं का होत नाही? प्रीपेड सिम असेल. ते तिकडे चालत नाही, आमच्या भावोजींचं बंद पडलं होतं.

सह्याद्री_ते_शिवालिक
भावोजी काश्मीरला गेले असतील. बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मीरात चालत नाही. उत्तराखंडात चालतं, रेंज मिळाली म्हणजे झालं.

फोंड्याचो_बाब
बोलणं होतंय, अधूनमधून. रात्री लागला होता फोन. डिचोलीवाला डोकं धरून बसलाय, उलट्या झाल्या. थंडी बाधली असेल, आमच्याकडे असली थंडी कुठे असते.

रात्रपाळीची_सिस्टर
थांबा. हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही? गाडी आणि ट्रेन बाजूला ठेवा. पुढच्या वेळी फोन लागला की एवढं विचारा:
डोकेदुखी वाढतेय की तेवढीच आहे? नीट बोलतो का, की असंबद्ध? एका पायापुढे दुसरा पाय ठेवून सरळ रेषेत चालता येतं का? नुसतं बसून किंवा आडवं पडून दम लागतो का? खोकला आहे का? आणि वर कसे गेले, किती दिवसांत?

फोंड्याचो_बाब
हरिद्वारहून एका दिवसात सोनप्रयाग, दुसऱ्या दिवशी पहाटे चालायला लागून संध्याकाळी वर. घोडा परवडत नव्हता.

रात्रपाळीची_सिस्टर
म्हणजे समुद्रकाठचा माणूस दोन दिवसांत ३,५८३ मीटरवर, तोही दिवसभर चढून. ही थंडी नव्हे, विरळ हवा बाधलीय. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं, हीच त्याची सुरुवात. एवढंच असेल तर विश्रांती, थोडं थोडं पाणी, डोकेदुखीला पॅरासिटामॉल, आणि मंदिरापासून आणखी वर भैरवनाथाकडे वगैरे अजिबात जायचं नाही. वर दवाखाना आहे, ऑक्सिजन आहे. तिथे नेऊन दाखवाच. पण असंबद्ध बोलणं, झोकांड्या जाणं, बसल्या जागी धाप लागणं, यातलं एक जरी दिसलं तरी औषधावर थांबायचं नाही. त्याला खाली आणणं हाच उपाय. अशा वेळी वाट बंद असली तरी तिथल्या पोलिसांना आणि एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती बचाव दलाच्या) जवानांना सांगायचं, ११२ किंवा १०८ लावायचा.

म्हापसा_मार्केट
कापूर रुमालात बांधून हुंगायला द्या, लगेच बरं वाटतं. आणि कोणाकडे फेणी असेल तर झाकणभर गरम पाण्यातून. आमचे खलाशी लोक हेच करतात.

रात्रपाळीची_सिस्टर
खलाशी समुद्राच्या पातळीवर असतात. फेणी अजिबात नको, झोपेच्या गोळ्याही नकोत, दोन्हींनी श्वास मंदावतो. कापराने नाक मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन वाढत नाही. हुंगायचा तर हुंगा, पण त्यावर विसंबू नका.

म्हापसा_मार्केट
हजारो यात्रेकरू कापूर नेतात ते काय वेडे?

निवृत्त_तलाठी
आम्हीही नेला होता.

तांबडी_माती
विरळ हवेवरच्या डायमॉक्स गोळीचं नाव कोणी घेतलं नाही अजून.

रात्रपाळीची_सिस्टर
घेतलं नाही कारण ती डॉक्टरने द्यायची गोळी आहे. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर पंचाईत. चढायच्या आधी घेण्यात तिचा खरा उपयोग. आता वरच्या डॉक्टरला ठरवू दे.

शिवराक_सोमवार
खाली बसून कंटाळलात तर त्रियुगीनारायण करून या, सोनप्रयागहून जीपने तासाभराच्या आत. शिव-पार्वतीचं लग्न तिथे लागलं म्हणतात, होमाची अग्नी अजून तेवत ठेवलीय. पावसात गर्दी नसते. आणि जेवायचं काय करता? मला तर तिसऱ्या दिवशी माशांची स्वप्नं पडायला लागली होती, नाव शिवराक, म्हणजे शाकाहारी, असून.

फोंड्याचो_बाब
मॅगी आणि राजमा. बोललो त्यांच्याशी. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, आता बरा आहे. नीट बोलतो, चालून दाखवलं, धाप नाही. उद्या हवा उघडली तर सोडणार म्हणतात.

तांबडी_माती
एक कळत नाही. तुम्ही तिघे खाली का? गुडघे?

फोंड्याचो_बाब
दोन तुकड्या केल्या होत्या. वर आणि खाली एकेकच खोली घ्यायची, सामानाजवळ कोणीतरी हवं. ते उतरले की आम्ही चढणार. वरती खोली महाग, म्हणून कॉमन पैसे त्यांच्याकडे.

तांबडी_माती
म्हणजे एका खोलीचे पैसे वाचवायला गाडी दुप्पट दिवस उभी. गणित फोंड्याचं की डिचोलीचं?

फोंड्याचो_बाब
वास्कोवाल्याचं. तो वर आहे, त्याला विचारा.

*(दुसऱ्या दिवशी)*

फोंड्याचो_बाब
सकाळी पाऊस थांबला. वरून उतरणाऱ्यांना आधी सोडलं, थोडे थोडे करून, दोर लावलेल्या ठिकाणी एसडीआरएफचे जवान हात धरून पार करवत होते. दुपारी तिघेही सोनप्रयागला पोचले. डिचोलीवाला लिनचोलीच्या खाली आल्यावर पराठा मागायला लागला, म्हणजे बरा झाला. एजंटने शेवटी फोन उचलला. थांबण्याचे दोन हजार ठरले, हजार आता, हजार हरिद्वारला. सह्याद्री, देव बरें करूं. तिकिटं काल रात्रीच रद्द केली, थोडेफार येतील.

आता नवीन भांडण. ते तिघे म्हणतात दर्शन झालं, घरी चला. आम्ही इथवर येऊन नुसता राजमा खाल्ला. आमची यात्रेच्या नोंदणीची तारीख उलटलीय. पुन्हा होते का?

सह्याद्री_ते_शिवालिक
सोनप्रयागच्या नोंदणी काउंटरवर आधार कार्ड घेऊन जा, जागेवर करून देत असतील तर तिथेच कळेल. यात्रेच्या १३६४ या हेल्पलाइनवरही विचार. पण त्याआधी हवामान खात्याचा रुद्रप्रयाग जिल्ह्याचा इशारा बघ. ऑरेंज असेल तर नोंदणी असूनही खालीच अडवतील. आणि चढलात तर एका दमात नको, लिनचोलीला रात्र काढा.

रात्रपाळीची_सिस्टर
डिचोलीवाल्याने परत चढायचं नाही, हे लिहून ठेवा.

निवृत्त_तलाठी
मंडळी, केदार बोलावतो तेव्हाच जाणं होतं. हट्ट करू नये.

शिवराक_सोमवार
काका, कालपर्यंत तुम्हीच पावसात चालायला सांगत होता!

रेल्वेवेडा_मडगाव
किती जण कधी परतणार ते आधी ठरवा. सहा जणांची एकत्र तिकिटं गोवा एक्सप्रेसला आता मिळणं कठीण. दोन-दोनची वेगळी काढा, तत्काळला लवकर लागतात.

फोंड्याचो_बाब
ठरलं. उद्या यलो आहे. काउंटरवर विचारून आलो, सकाळी या म्हणाले. मी आणि कुडचडेवाला थांबतोय. बाकीचे चौघे गाडीने हरिद्वारला. ड्रायव्हर आम्हाला टाटा करून गेला, हजार रुपये वास्कोवाल्याकडून घेणार आहे. आम्ही दोघांनी गाडीच्या थांबण्यात किती भरायचे यावर मात्र अजून वाद चालू आहे. ते म्हणतात सहा भाग, मी म्हणतो गाडी त्यांच्यासाठी थांबली.

तांबडी_माती
सहा भाग. गाडी सहाजणांच्या बेतासाठी थांबली.

म्हापसा_मार्केट
तीन भाग. ज्यांच्यासाठी थांबली त्यांनीच द्यावेत.

कोर्टकचेरी_पणजी
ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि एजंटचं संभाषण अजून पुसू नका.