माकडतापाच्या लशीची चाचणी सिंधुदुर्गात झाली, तर नाव द्याल का?

काजूबाग
२०१६ पासून दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. काजूच्या हंगामात माणसं बागेत पातेऱ्यात वावरतात, गोचीड चावते आणि आठवड्याभरात माणूस आडवा होतो. त्यावर खास असं औषध नाही. जुनी लस पुरेसं काम करत नाही म्हणून बंद झाली, नव्या लशीवर काम चालू आहे.

ओरोसला आणि रत्नागिरीला आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. माझं मत: लस माणसांवर तपासायची वेळ आली की ती इथेच तपासावी आणि आपण नावं द्यावीत. ज्या गावात गोचीडच नाही तिथे ही लस माणसाला वाचवते की नाही ते कळणार कसं? ‘आम्ही काय उंदीर आहोत का’ म्हणणारे येतीलच, त्यांना आगाऊ नमस्कार.

कोर्टकचेरी
नमस्कार पोचला. आता खम्मम आठवा. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रात (खम्मम जिल्ह्यात) आणि गुजरातेत एका अभ्यासप्रकल्पात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली गेली. काही मुली दगावल्या. त्या मृत्यूंशी लशीचा संबंध आढळला नाही असं चौकशीत निघालं, ते मला मान्य आहे. पण खम्ममला कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या! २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा माझा मुद्दाच नाही.

रात्रपाळी
मी नवी मुंबईत औषधचाचण्यांच्याच कामात आहे, रुग्णांच्या नोंदी ठेवते. तो काळ आणि आजचा काळ एक नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, त्यात एक साधा, वैद्यकाशी संबंध नसलेला माणूस हवाच. वाचता न येणाऱ्याची संमती त्रयस्थ साक्षीदारासमोर. इजा झाली तर उपचार फुकट, आणि ती चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाई वेगळी. पहिल्या माणसाला घेण्याआधी चाचणीची सरकारी नोंदणी करावी लागते, ती कुणीही घरबसल्या वाचू शकतो.

आणि खारघरला टाटा रुग्णालयाच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चाचण्या झाल्या नसत्या तर रक्ताच्या कर्करोगावरच्या देशी कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच पेशी बदलून त्याला परत देतात तो) २०२३ मध्ये परवानगी मिळाली असती का? खारघर रायगडातच येतं हो.

शेळपाट
कायदे झाले, बरा झाला. माझी आवस (आई) काजीत कामाक जाता. डॉक्टरान ‘हय सही कर’ म्हटल्यान की ती करतली, इचारूची नाय. आणि नाय म्हटल्यान तर? उद्या साप चावल्यार त्याच डॉक्टराच्या दारात जावचा असता मा?

कोर्टकचेरी
शेळपाट, मी अख्ख्या परिच्छेदात जे सांगू शकलो नाही ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत.

परळ ते पेण
संमतीवरच का अडलात? चाचणीत तुलनेसाठी ज्या गटाला लस मिळणार नाही त्यांचं काय, ते विचारा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांची व्हिनेगरसारखं द्रावण लावून गर्भाशयमुखाची तपासणी, उरलेल्यांना फक्त आरोग्यशिक्षण. २०१३ मध्ये निकाल आला: तपासणी झालेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. गरीब देशांना त्याचा मोठा आधार झाला. पण दुसऱ्या गटातल्या बायकांचं काय, यावर जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणते, एरवीही त्यांना काहीच मिळत नव्हतं. हे उत्तर मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

काजूबाग
म्हणून तर महाडचं उदाहरण बघा. डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर तिथेच चाचणी केली, ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली छापून आली. ७० रुग्ण. एका गटाला प्रॅझोसिन हे चालू औषध, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि शिवाय प्रतिविष. म्हणजे चालू उपचार कुणाचाच काढून घेतला नाही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषाच्या गटात ९१ टक्के, दुसऱ्यात २३. कोकणातला रोग, कोकणातला डॉक्टर, आणि उत्तर जगाला.

परळ ते पेण
उदाहरण उत्तम, पण लशीला लागू नाही. विंचवावर प्रॅझोसिन आधीपासून होतं. माकडतापावर दुसऱ्या गटाला देणार काय? लशीऐवजी नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई? मग निदान त्यांना गोचीड पळवणारं तेल, तापाच्या पहिल्या दिवशी रक्ततपासणी, आणि लस यशस्वी ठरली तर सगळ्यात आधी त्यांना, हे लिहून घ्या.

कोर्टकचेरी
आणि बावसकर महाडमध्येच राहणारे. चाचणी संपली की कंपनीचा माणूस आपल्या गावी जातो, ओरोसचा प्राध्यापक बदलीवर जातो. तक्रार कोणाकडे करायची?

रात्रपाळी
तक्रारीसाठी समितीचा नंबर संमतीपत्रावरच असतो.

शेळपाट
नंबर असा, रेंज खय असा?

काजूबाग
बरं, मग संमती ओपीडीत घ्यायचीच नाही. ग्रामपंचायतीत, मालवणीत, आणि उपचार करणारा डॉक्टर खोलीबाहेर. सही दुसऱ्या दिवशी, घरी विचारून. असं झालं तर?

शेळपाट
तर आवशीक इचारून बघतंय. पण एप्रिलात बोलवू नकात, काजीची रोजी बुडता. बुडलेली रोजी आणि एसटीचा भाडा कोण देतलो, ता पयला सांगा.

रात्रपाळी
प्रवासखर्च देतात. बुडालेल्या रोजाचं प्रत्येक चाचणीत वेगळं असतं, तो आकडा समितीपुढे आधी मांडावा लागतो. सही करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा.