कामगिरीचा अंदाज बांधायला मार्कोव्ह साखळी पुरते का?

धागाकर्ता:
कर्मचाऱ्यांच्या तिमाही मूल्यमापनावरून पुढचा अंदाज बांधायला मार्कोव्ह साखळीइतकं (पुढची अवस्था फक्त आजच्या अवस्थेवरून ठरते असं धरणारं गणित) साधं, हातानं पडताळता येणारं साधन नाही. उत्तम, मध्यम, कमी अशा तीन अवस्था घ्या. प्रत्येकाच्या लागोपाठच्या तिमाहींच्या जोड्या मोजा, आधीची अवस्था ओळीत आणि नंतरची स्तंभात मांडा, ओळीतल्या संख्यांना ओळीच्या बेरजेनं भागा. झाली ट्रान्झिशन मॅट्रिक्स, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांचा तक्ता. आजच्या प्रमाणांना तिनं गुणत गेलं की पुढच्या तिमाह्या मिळतात.

प्रतिसाद १:
फसगत इथेच होते. माणूस 'उत्तम'मध्ये कालच आला की तीन वर्षं तिथेच आहे, साखळीला दोन्ही सारखेच. समजा तिथल्या निम्म्यांची टिकण्याची शक्यता ०.९ आणि निम्म्यांची ०.५. मॅट्रिक्समध्ये ०.७ दिसेल. चार वेळा सलग टिकण्याची शक्यता ती ०.७ चा चौथा घात, म्हणजे ०.२४ सांगेल. दोन्ही गट वेगळे काढून सरासरी घेतली तर येते ०.३६! कितीही विदा (डेटा) ओता, ही तफावत जात नाही, कारण माणसं एकसारखी धरली आहेत. ब्लूमेन, कोगन आणि मॅकार्थी यांना १९५५ साली कामगारांच्या उद्योगबदलांत हेच दिसलं. त्यांनी 'हलणारे' आणि 'टिकणारे' वेगळे धरले.

धागाकर्ता:
मान्य, पण दोष पकडताही येतो. मॅट्रिक्सचा वर्ग करा आणि दोन तिमाहींच्या अंतरानं थेट मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. वर्गाच्या कर्णावरचे आकडे (त्याच अवस्थेत असण्याच्या शक्यता) सतत कमी पडत असतील तर सेवाकाळानुसार गट पाडा. मागच्या दोन तिमाहींच्या अवस्था धरायचा मोह मात्र आवरा: ३ ओळींच्या ९ होतात, स्वतंत्र शक्यता ६ वरून १८ वर जातात आणि बऱ्याच ओळींत मोजकीच माणसं उरतात.

प्रतिसाद २:
गट पाडलेत तरी ओळी रोडावतातच. ४० जोड्यांपैकी २ 'कमी'त गेल्या तर शक्यता ०.०५, प्रमाण त्रुटी (आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते माप) ०.०३. अशा आकड्यावर दोन वर्षांपुढचा अंदाज उभा करू नये.

त्याहून मोठी चूक म्हणजे नोकरी सोडलेल्यांना गाळणं. 'कमी'तले बरेच निघून गेले की उरलेल्यांतून वर चढणाऱ्यांचं प्रमाण फुगतं, आणि प्रशिक्षणाचा गुण आला असं वाटतं. 'बाहेर' ही चौथी अवस्था ठेवाच.

प्रतिसाद १:
शिवाय 'उत्तम' ठरावीक टक्क्यांनाच द्यायचा नियम असेल तर एक वर चढला की दुसरा खाली येणारच. तिथे मॅट्रिक्सच्या आधी मूळ गुण मागून घ्या.